बकरीचा पंचनामा आणि उडती तबकडी

यावल तालुक्यात बिबट्याने बकरी मारली, तर मालकाच्या शब्दाला किंमत नसते. वनरक्षक येतो, ठसे शोधतो, मानेवरच्या दातांच्या खुणा तपासतो. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, पंचांच्या सह्या लागतात. बकरी पडली तिथून हलवायची नाही, हलवली तर भरपाई गेली. एवढं करूनही ‘कुत्र्यांनी मारली असावी’ असा शेरा पडू शकतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात बिबट्या काही नवलाचा नाही. तरी पुरावा लागतो आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार एवढीच, की प्रकाशवर्षं ओलांडून आलेल्या पाहुण्याला हा नियम लागू नाही. त्याच्यासाठी साक्षीदाराचं व्हिजिटिंग कार्ड पुरतं.

जिमी कार्टर यांनी १९६९ मध्ये जॉर्जियातल्या लिअरी गावात आकाशात एक तेजस्वी गोळा पाहिला. १९७३ मध्ये, गव्हर्नर असताना, त्याची रीतसर नोंद केली. पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि तो गोळाही त्यांच्याबरोबर बढती घेत गेला. तो शुक्र असावा, असं एका अभ्यासकाने हिशेब मांडून सांगितलं. पण शुक्राला कोण विचारतो, तो रोजचाच. खुद्द कार्टर ते परग्रहावरचं यान होतं असं म्हणत नव्हते. म्हणणारे दुसरेच होते आणि त्यांचा पुरावा एकच: ‘अहो, राष्ट्राध्यक्षांनी पाहिलंय!’

त्याहून गोड कथा किर्सान इल्युमझिनोव यांची. रशियातल्या काल्मिकिया प्रांताचे तेव्हाचे प्रमुख आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष. १९९७ मध्ये मॉस्कोतल्या घरातून पिवळ्या पोशाखातले परग्रहवासी आपल्याला यानात घेऊन गेले, असं त्यांनी २०१० मध्ये टीव्हीवर सांगितलं. त्यावर एका खासदाराने थेट राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांना पत्र लिहिलं. हे खरं घडलं का, हा त्यातला मुख्य प्रश्न नव्हता. या गृहस्थांनी यानात सरकारी गुपितं तर फोडली नाहीत ना, ही चिंता होती! हेच आमच्या केळीच्या बागेतल्या सालदाराने सांगितलं असतं, तर पत्र राष्ट्राध्यक्षांना गेलं नसतं, गाडी व्यसनमुक्ती केंद्राकडे गेली असती.

पद मोठं म्हणून नजर मोठी, हे गणित तपासलेलं आहे. अ‍ॅलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ अमेरिकी हवाई दलासाठी वीसेक वर्षं अशा साक्षी चाळत होते. वैमानिक हे तुलनेने कच्चे साक्षीदार निघतात, असं त्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडे २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांनी संशयास्पद दिवे वारंवार नोंदवले. चीनचे ड्रोन असावेत, असा संशय. बंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर निघाले गुरू आणि शुक्र. यात जवानांना हसण्यासारखं काही नाही. सीमेवरचा दिवा आधी शत्रूचा समजायचा, हीच त्यांची नोकरी. हुद्दा माणसाला डोळे देत नाही, काय दिसणार याची यादी देतो.

आता आपल्या घरचं. पृथ्वीबाहेरून जंतू येत असतील का, हा प्रश्न जयंत नारळीकरांना पडला होता. त्यांनी नुसतं ‘येतात’ म्हटलं असतं, तरी निम्म्या महाराष्ट्राने देव्हाऱ्यात सूक्ष्मदर्शक ठेवला असता. त्यांनी ती सोय नाकारली. २००५ मध्ये हैदराबादहून बलून गेला, २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांनी ती वेगवेगळी तपासली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव मिळालं, एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं. आणि २००९ मध्ये निष्कर्ष काय जाहीर झाला? यावरून ते पृथ्वीबाहेरचेच, असं ठामपणे सिद्ध होत नाही. याला म्हणतात पंचनामा. तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या बकरीचा.

आमच्या पारावर ही पद्धत रुजलेली नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. खानदेश-विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा सरकत गेल्या. पारावर बैठक भरली. राखणदार म्हणाला, “काहीतरी जयत व्हतं भाऊ. तुकडे होऊन चाललं व्हतं.” त्याला कोणी बसायलाही सांगितलं नाही. रात्रीच्या लाइटीवर मोटार लावायला निघणारा हा माणूस. गावात आकाश सर्वांत जास्त तोच पाहतो. मग निवृत्त साहेब बोलले. तबकडी होती, रांगेत चालली होती, म्हणजे चालवणारं कोणीतरी होतं. साहेबांनी हे दृश्य गाडीच्या काळ्या काचेतून पाहिलं होतं, पण वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं. गावकऱ्यांनी पोलिसांना कळवलं, ते ठाण्यात जमा झालं. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने माग काढला: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा, वातावरणात शिरताना जळून तुटलेला. म्हणजे राखणदार शब्दाला शब्द बरोबर.

पेपरात बातमी आल्यावर ती साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “ते कडं चीनचं असेल. आपण पाहिलं ते वेगळं.” तिघांनी लगेच माना डोलावल्या. त्यातला एक त्यांचा भाडेकरू, एक जावई आणि तिसऱ्याला मुलाच्या नोकरीसाठी त्यांची चिठ्ठी हवी होती.