पडला असेल कुठे तरी!

गुन्हेगारी कमी करायची म्हणजे खर्च फार. सीसीटीव्ही लावा, ते बंद पडले की दुरुस्तीचं टेंडर काढा, गस्तीच्या गाडीत डिझेल भरा, शिपायांची भरती करा. एवढं करून चोर कमी होतील याची हमी नाहीच. त्यापेक्षा एक मार्ग शंभर टक्के खात्रीचा आहे आणि त्याला दमडीही लागत नाही. ठाणे अंमलदाराने पेनाचं टोपण उघडायचं नाही. टोपण बंद, गुन्हा बंद.

या पद्धतीचं प्रात्यक्षिक पाहायला फार लांब जावं लागत नाही. समजा, संध्याकाळच्या लोकलमध्ये एका गृहस्थाचा फोन गेला.

"साहेब, फोन चोरीला गेला."

"चोरताना पाहिलंत?"

"पाहिलं असतं तर धरला नसता का?"

"म्हणजे पाहिलं नाही. मग चोरीला गेला कशावरून? पडला असेल कुठे तरी."

"अहो, खिशाला ब्लेड मारलंय. हे बघा."

"तेच म्हणतोय. खिसा फाटका होता, म्हणून पडला. सिमकार्डच हवंय ना तुम्हाला? गहाळचा दाखला देतो, पाच मिनिटांत घरी जा. चोरी लिहिली की जबाब आला, कोर्ट आलं, तारखा आल्या. रजा आहेत का तेवढ्या?"

रजा नसतात. गृहस्थ दाखला घेतो आणि वर आभारही मानतो. त्याचं काम झालं, साहेबांच्या हद्दीतला गुन्हा टळला आणि चोराचा तर तपासच टळला. तिन्ही पक्ष समाधानी राहतील असा व्यवहार या देशात दुसऱ्या कुठल्या सरकारी टेबलावर होतो?

साहेबांनाही नावं ठेवू नका. महिनाअखेरीस त्यांना क्राइम मीटिंगला उभं राहायचं असतं. तिथे वरिष्ठ दोनच गोष्टी विचारतात. मागच्या वर्षी याच महिन्यात किती? आणि आता किती? दुसरा आकडा मोठा निघाला तर साहेबांचं काही खरं नसतं. तुमचा फोन सापडला का, हे तिथे कोणी विचारत नाही. अशा मीटिंगला जाणारा शहाणा माणूस चोराच्या मागे धावेल की टोपण घट्ट लावेल?

मुंबईच्या लोहमार्ग पोलिसांनी मात्र २०१७ च्या सुमारास भलताच प्रयोग केला. फोन गेल्याची तक्रार आली की गहाळ न लिहिता चोरीचाच गुन्हा दाखल करायचा, असं वरून ठरलं. परिणाम भयंकर झाला. लोकलमधल्या मोबाइल चोऱ्यांचा आकडा वर्षभरात कित्येक पटींनी फुगला. डबे तेच, गर्दी तीच, हातही बहुधा तेच. मुंबईत एवढे चोर कुठल्या गाडीने उतरले, याचा शोध घेऊ पाहणाऱ्यांना ते एका आदेशाने उतरले होते, हे कोण सांगणार?

राष्ट्रीय पातळीवर तर आपली कामगिरी अभिमानास्पद आहे. २०२२ मध्ये भारतभर चोरीचे साडेसहा लाखांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले. लोकसंख्या १४० कोटी. इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या सहा कोटी आणि तिथले पोलीस वर्षाला पंधरा लाखांहून अधिक चोऱ्या लिहून घेतात. माणशी हिशेब केला तर इंग्रज आपल्या पन्नासपट चोर निघतो. कोहिनूर आठवला की हा निष्कर्ष पटतोही. पण मग खुनाचा आकडा आडवा येतो. त्याच वर्षी आपल्याकडे २८,५२२ खून नोंदले गेले. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण इंग्लंड-वेल्सच्या जवळपास दुप्पट. म्हणजे भारतीय माणूस एक वेळ गळा कापील, पण पाकिटाला हात लावणार नाही. संस्कार म्हणतात ते हेच.

अभ्यासक मंडळी याचा वेगळा अर्थ लावतात. त्यांचं म्हणणं, मृतदेहाला गहाळचा दाखला देता येत नाही, म्हणून पोलिसी आकड्यांत खुनाचा आकडा त्यातल्या त्यात खरा. दुसरा विश्वासाचा आकडा वाहनचोरीचा, कारण एफआयआर दाखवल्याशिवाय विमा कंपनी पैसे देत नाही. गाडीवाला त्या कागदासाठी ठाण्यात मुक्काम ठोकतो. फिर्याद नोंदवून घेण्याच्या बाबतीत विमा कंपनीच्या क्लेम फॉर्ममध्ये जी ताकद आहे, ती भारतीय दंडसंहितेतही नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही ती नव्हती म्हणायला हरकत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजावलं की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. न्यायालयाने टोपण उघडायचा आदेश दिला. शाई कुठल्या खात्यातून यायची, ते निकालात नव्हतं. पुढे १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपासच करायचा नाही. आता चोराने फक्त एवढंच करायचं, हात घालण्यापूर्वी फोनची बाजारातली किंमत पाहून घ्यायची.

टोपण उघडायचं ठरवलं तर मात्र आपले पोलीस कुणाला ऐकत नाहीत. २०२० हे वर्ष आठवा. चोर घरात, पाकीटमार घरात, ज्यांची पाकिटं मारायची तेही घरात. लोकल बंद, बाजार बंद, लग्नं बंद. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार त्या वर्षी देशातले दखलपात्र गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले! ५१ लाख ५६ हजारांवरून थेट ६६ लाखांवर. वाढले ते कलम १८८ खालचे, सरकारी आदेश मोडल्याचे. आदल्या वर्षी ते ३० हजारांच्या आत होते, टाळेबंदीच्या वर्षी सहा लाखांवर गेले. चोरी, घरफोडी, दरोडा हे नेहमीचे गुन्हे त्याच वर्षी घटले होते. इतिहासात नोंद मात्र अशी राहील की, भारतीय माणूस सर्वाधिक गुन्हेगार होता तेव्हा त्याच्या हातात दुधाची पिशवी होती.

हा वार्षिक अहवाल आला की विधानसभेत एक पारंपरिक खेळ रंगतो. विरोधक एकूण आकडा वाचतात, कारण बारा कोटींच्या राज्यात एकूण आकडा मोठा असायचाच. सत्ताधारी दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण वाचतात, कारण भागाकार केला की आकडा लहान होतो. निवडणूक होते, बाकं बदलतात आणि कालचे बेरीजवाले आज भागाकार करू लागतात. बिचारा केरळ दरवर्षी दर लाखाच्या यादीत वरच्या भागात सापडतो. तिथे ठाण्यात गेलं की तक्रार लिहून घेतात, हा त्या राज्याचा मुख्य गुन्हा. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा अहवालातच छापलेला असतो. तो वाचायला कोणाला सवड आहे? टीव्हीवर चर्चा सुरू झालेली असते.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना सर्वेक्षण नावाचा एक उपद्रव जगात निर्माण झाला. यात ठाण्यात न जाता थेट लोकांच्या दारावर जातात आणि विचारतात, गेल्या बारा महिन्यांत तुमचं काही चोरीला गेलं का? कुणी मारहाण केली का? पोलिसांत गेलात का? नसाल, तर का नाही? शेवटचा प्रश्न तर सभ्य समाजात विचारण्यासारखाच नाही. अमेरिकेत हे १९७३ पासून चालू आहे, ब्रिटनमध्ये १९८२ पासून. ब्रिटनच्या सर्वेक्षणात १९९५ च्या सुमारास गुन्हे शिखरावर होते आणि मग वर्षानुवर्षं उतरत गेले. मध्येच १९९८ आणि २००२ मध्ये पोलिसांच्या नोंदणीचे नियम बदलले, तशी पोलिसांची हिंसक गुन्ह्यांची नोंद वर चढली. एकाच देशात, एकाच काळात, तोच गुन्हा दारावर घटत होता आणि ठाण्यात वाढत होता. पुढे २०१४ मध्ये तिथल्या पोलिसी आकड्यांचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जाच काढून घेतला गेला. त्याच वर्षी पोलिसांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेने सांगितलं की, लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा, वर्षाला आठ लाखांवर, लिहिलाच जात नाही. टोपण लावण्याची विद्या फक्त आपल्याकडेच आहे असा गर्व आता कोणी बाळगू नये.

सर्वेक्षणातही खोट आहेच. खून झालेला माणूस दार उघडायला येत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्याला दारच नसतं. लाच देणारा आणि घेणारा दोघेही, 'आमच्याकडे काही नाही झालं बुवा,' म्हणतात. शिवाय माणसाची आठवण मोठी लबाड. तीन वर्षांपूर्वीची सोनसाखळी ती खेचून गेल्या दिवाळीत आणते. पण निदान प्रश्न ज्याचं गेलं त्याला विचारलेला असतो. पोलिसांच्या नोंदीत प्रश्न ज्याला मीटिंगला जायचंय त्याला विचारलेला असतो.

आपल्याकडे सरकारने दरवर्षी देशभर करावं असं गुन्हेपीडितांचं सर्वेक्षण नाही. संस्थांनी अधूनमधून खोडसाळपणा केला आहे. २०१५ मध्ये 'कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह'ने दिल्ली आणि मुंबईत घरोघर विचारलं. गुन्ह्याची झळ बसलेल्यांतले निम्म्याच्या आसपास लोक पोलिसांकडे गेलेच नव्हते आणि गेलेल्यांतल्याही अनेकांच्या हाती एफआयआर पडला नव्हता. दोन वर्षांनी 'आयडीएफसी इन्स्टिट्यूट'ने दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरूत विचारलं. चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोहोचलेले शंभरात दहाही निघाले नाहीत. उरलेल्या नव्वदांचं काय झालं म्हणता? त्यांचं पडलं असेल कुठे तरी.

सरकारच्याही हातून एक सर्वेक्षण होऊन जातं, कारण त्याच्या नावात गुन्हा हा शब्द नाही, आरोग्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांना घरात, एकटीला गाठून विचारलं गेलं. शंभरातल्या २९ जणींनी सांगितलं की, नवऱ्याने आयुष्यात कधी तरी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती केली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण चारात एक. हिंसा सोसलेल्यांतल्या ७७ टक्के बायकांनी मदत मागितली नाही की कुणाला काही सांगितलंही नाही. देशाच्या गणितात हा हिशेब कोटींत जातो. नवरा आणि सासरच्यांच्या छळाचे २०२२ मध्ये नोंदलेले गुन्हे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. पहिला आकडा आयुष्यभराचा, दुसरा वर्षाचा, हे लक्षात घेऊनही मधली दरी बुजत नाही. इथे ठाणे अंमलदाराच्या पेनाला बोल लावता येत नाही, कारण ती बाई ठाण्याच्या पायरीपर्यंत आलेलीच नसते. शेजारीण विचारते, डोळ्याखाली काळंनिळं कशानं झालं गं? ती सांगते, मोरीत पाय घसरून पडले. चोरीच्या बाबतीत जे वाक्य साहेबाला बोलावं लागतं, ते इथे फिर्यादीच पाठ करून बसलेली असते.

आता काही भाबडे लोक सुचवतात की, प्रत्येक ठाण्याच्या फळ्यावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. हद्दीतल्या लोकांनी सर्वेक्षणात सांगितलेले गुन्हे एका बाजूला, ठाण्याने नोंदलेले दुसऱ्या बाजूला. आणि क्राइम मीटिंगमध्ये आकडा किती वाढला हे न विचारता दोघांतलं अंतर किती कमी झालं, ते विचारावं. सूचना चांगली आहे आणि स्वस्तही आहे. अडचण एकच. ज्या अधिकाऱ्याने इमानाने सगळं लिहून घेतलं, त्याच्या हद्दीत गुन्हे दुप्पट-तिप्पट होणार आणि नियमाप्रमाणे स्वातंत्र्यदिनाला त्याचाच सत्कार करावा लागणार. शाल, श्रीफळ, टाळ्या सगळं जमेल. पण "यांच्या काळात चोऱ्या तिप्पट झाल्या, याचा शासनाला अभिमान आहे," हे वाक्य माइकसमोर उभं राहून म्हणेल असा पालकमंत्री अजून जन्माला यायचा आहे. तोवर, फोन जपा. आणि गेलाच, तर घरून निघतानाच खिशाला एक भोक पाडून घ्या. साहेबांचा तेवढाच वेळ वाचेल.