जोशी, जोग आणि एक जून

मोठ्या दुकानाकडे एकाच गिऱ्हाइकाच्या पाच नोंदी असतात आणि त्या पाचही एकमेकींना ओळखत नाहीत. बिलावर तो 'एस. व्ही. कुलकर्णी' असतो, वेबसाइटवर नुसता 'शशी', वॉरंटी कार्डावर 'कुलकर्णी शशिकांत', तक्रारींच्या खात्यात कुणीतरी वैतागून लिहिलेला 'कुलकर्णी काका, रागीट', आणि पाचवी नोंद बायकोच्या मोबाइल नंबरावर. या सगळ्यांचा मिळून एक माणूस उभा करायचा म्हणून कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म नावाची चीज निघाली. तिचं बारसं डेव्हिड राब या सल्लागाराने २०१३ मध्ये केलं.

माझं काम त्याच्या अलीकडचं. एक्सेलमध्ये डावीकडे जुन्या सीआरएमचे (म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) रकाने, उजवीकडे नव्या प्लॅटफॉर्मचे, आणि कुठला कुठे जाणार ते ठरवायचं. याला मॅपिंग म्हणतात. हे तासाभराचं काम आहे असं ज्यांना वाटतं, ते सहसा मीटिंग बोलावणारे असतात.

घोळ नावापासूनच सुरू होतो. फॉर्म बनवणाऱ्याने फर्स्ट नेम आणि लास्ट नेम असे दोन रकाने दिलेले, आणि आपण तीन नावांची माणसं. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बऱ्याचदा नवऱ्याचं. ते कुणी पहिल्या रकान्यात कोंबतं, कुणी दुसऱ्यात. त्यातून शाळेच्या हजेरीपटाने आपल्याला आडनाव आधी लिहायची सवय लावलेली. मग 'पाटील' फर्स्ट नेममध्ये जातो आणि दिवाळीला मेसेज येतो, 'प्रिय पाटील'. एखाद्या मामलेदाराने दरडावल्यासारखा. बऱ्याच तमिळ मंडळींना तर आडनावच नसतं, वडिलांच्या नावाचं एक आद्याक्षर असतं. पण सेल्सफोर्ससारख्या सीआरएममध्ये आडनावाशिवाय व्यक्तीची नोंद सेव्हच होत नाही. काउंटरवरचा मुलगा काय करणार? तो टिंब टाकतो. टिंब आडनावाची इतकी माणसं मी शीटमध्ये पाहिली आहेत, की त्यांचं एखादं कुलसंमेलन सहज भरेल.

माझा आपला अनुभव असा, की डेटातलं बरंचसं खोटं गिऱ्हाईक बोलत नाही. रकान्याशेजारची ती लाल चांदणी बोलायला लावते. मोबाइल नंबर सक्तीचा केला की दहा वेळा नऊ येतो, नाहीतर काउंटरवाल्याचा स्वतःचा नंबर. मग नंबरावरून नोंदी जुळवल्या की एक अफाट माणूस तयार होतो. त्याने एका संध्याकाळी तीन फ्रिज, एक बाबागाडी आणि कवळी घासायचा ब्रश घेतलेला असतो. मार्केटिंगवाले त्याला 'प्लॅटिनम ग्राहक' म्हणतात.

जन्मतारखेवर भरवसा ठेवावा, तर महाराष्ट्रात एक जून आहे. शाळेत घालताना खरी तारीख कुणाला आठवत नसे, आणि शाळा तर जूनमध्ये उघडायची. गुरुजी एक जून लिहून मोकळे. आमच्या शीटमध्ये त्या तारखेवर ज्येष्ठांची अशी काही रांग लागते, की वाढदिवसाची सवलत देणाऱ्या दुकानाने त्या दिवशी शटरच उघडू नये. शहराच्या रकान्यात औरंगाबाद, संभाजीनगर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन गावं शेजारीशेजारी नांदत असतात. २०२४ पासून नव्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव आलं. उत्तम झालं. नुसतं माझ्या शीटमध्ये त्याला जागा नाही.

या सगळ्या रकान्यांत एकच सरळ निघतो, तो पिनकोड. नावाचे गोंधळ, एकाच नावाची गावं (नुसतं वडगाव म्हटलं तर पोस्टमनने कुठे जावं?), पत्त्याच्या नाना लिपी, यावर सहा आकड्यांचा हा तोडगा श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. वेलणकर कोकणातले, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. बॉस्टनचे पिनकोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल तो शून्य बिनबोभाट गिळतं. आपला एकही शून्याने सुरू होत नाही. एक्सेल यायच्या कितीतरी आधी एका कवीने ही सोय करून ठेवली, याचं मला अप्रूप वाटतं.

रकाने लागले की जुळवणी. नावांची स्पेलिंगं वेगळी असली तरी उच्चारावरून ओळखायची साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे. तिचं पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये मिळालं. पहिलं रोमन अक्षर ठेवायचं, स्वर टाकून द्यायचे, उरलेल्यांतल्या बहुतेकांना आकडे. त्यात 'एस' आणि 'जी' या दोघांनाही २ हाच आकडा. परिणामी जोशी होतात जे-२०० आणि जोगही होतात जे-२००. कुणा जोगांना हे सांगून पाहा! उलट एकच वाघमारे एकदा डब्ल्यूने आणि एकदा व्हीने लिहिले, तर डब्ल्यू-२५६ आणि व्ही-२५६ असे दोन परके गृहस्थ होतात.

म्हणून एकट्या नावावर कुणी निकाल लावत नाही. प्रत्येक रकान्याला वजन देतात. आपल्याकडे पत्रिका बघताना चालतं तसंच: वर्णाला १ गुण, नाडीला ८, एकूण ३६, आणि १८ जमले की पुढची बोलणी. आमच्यात नाडीचा मान मोबाइल नंबराला, वर्णाचा शहराला. कॅनडात हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की दुर्मीळ आडनाव जुळलं तर त्याला जास्त वजन द्यावं. बरोबरच आहे. सदाशिव पेठेत दोन जोशी जुळले, यात काय जुळलं? पुढे १९६९ मध्ये तिथल्याच सांख्यिकी खात्यातल्या आयव्हन फेलेगी आणि ॲलन संटर यांनी याचं गणित पक्कं मांडलं. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे तीन गठ्ठे केले: जुळतात, जुळत नाहीत, आणि सांगता येत नाही. तिसरा माणसाने डोळ्यांनी बघायचा.

क्लायंटला नेमका हा तिसरा गठ्ठा खुपतो. "ते मधलं काय आहे? मर्ज करून टाका ना सगळं," असं दर मीटिंगला होतं. मी अडून बसतो. एकाच्या दोन नोंदी राहिल्या तर फार तर दोन मेसेज जातील. दोघांचा एक केला, तर त्याला पुन्हा सोडवताना कुणाची खरेदी कुणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

परवा त्याच गठ्ठ्यात एक जोडी निघाली. विनायक सदाशिव, आणि विनायक सदाशिव. आडनाव, पत्ता, लँडलाइन, सगळं तेच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, म्हणजे एक पिढी सोडून पूर्ण नाव जसंच्या तसं परत येतं. जन्मतारीख एका नोंदीत कोरी, दुसरीत अर्थातच एक जून. एका नोंदीवर रक्तदाब मोजायचं यंत्र, दुसरीवर गेम खेळायचे महागडे हेडफोन. सोपं आहे, म्हणत आमच्या टीममधल्या मुलीने खात्रीपुरता फोन लावला. सूनबाईंनी उचलला.

"विनायक सदाशिव आहेत का?"

"कुठले हवेत? एक आत्ताच आडवे झालेत, एक कॉलेजला गेलाय."

"ते, हेडफोन घेतलेले."

"मग चारनंतर करा. झोपलेत ते."