तूरडाळीची पिशवी आणि चार डबे

ती. आईंना आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्या चिरंजीवांच्या दारात आता चार डबे उभे आहेत. काळा डबा उरल्यासुरल्या कचऱ्याला, निळ्या झाकणाचा काच-पत्रा-प्लास्टिकला, लाल झाकणाचा कागद-पुठ्ठ्याला आणि एक बुटका, कडीचा डबा खरकट्याला. बागेतल्या पालापाचोळ्याचा तपकिरी डबा यात धरलेला नाही. त्याला वर्षाची वर्गणी पडते, आणि ‘पानं माझ्या झाडाची, गोळा करणार मी, वर पैसेही मीच द्यायचे?’ असं म्हणून चिरंजीवांनी तो नाकारला आहे.

चार डबे ऐकून बाबा हसतील. पण या देशात, म्हणजे इंग्लंडात, डबे किती असावेत यावर पंतप्रधान बोललेले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी भर भाषणात सांगितलं, की घरोघरी सात-सात डबे ठेवायला लावण्याचा प्रस्ताव आपण मोडीत काढत आहोत. असा प्रस्ताव होता तरी कुठे, असं टीकाकार विचारत राहिले. पुढच्या वर्षी सुनक गेले आणि मागाहून डबे आले.

हे काही इथल्या एका कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, खूळ नाही. पूर्वी दह्याचा रिकामा डबा एका कौन्सिलमध्ये चालायचा आणि शेजारच्या कौन्सिलमध्ये चालायचा नाही. २०२१ च्या पर्यावरण कायद्याच्या आधारे सरकारने अख्ख्या इंग्लंडला एकच नियम लावला. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कचेऱ्यांना तो ३१ मार्च २०२५ पासून लागू झाला आणि घरांसाठी तारीख ठरली ३१ मार्च २०२६. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हे सगळ्यांनी न्यायचं आणि खरकटं दर आठवड्याला न्यायचं. काही कौन्सिलांनी गाड्या नाहीत, करार संपला नाही, असं सांगून मुदत वाढवून घेतली. या घराचं नशीब एवढं थोर नव्हतं.

घाव बसला तो काळ्या डब्यावर. तो किती दिवसांनी उचलायचा हे कौन्सिलच्या हातात असतं, आणि इथल्या कौन्सिलने तीन आठवड्यांनी असं ठरवलं. इंग्लंडात यात पहिला मान मँचेस्टरजवळच्या बरी गावाचा. त्यांनी हे २०१४ मध्येच केलं होतं. वेल्समधल्या कॉन्वीने तर २०१८ मध्ये चार आठवड्यांवर नेलं. मात्र वेल्सचं ऐकावं लागतं, कारण तिथे २०२४-२५ पर्यंत ७० टक्के कचरा पुन्हा वापरात आणायचं बंधन कायद्यानेच घातलं होतं, आणि इंग्लंडची गाडी बरीच वर्षं ४४ टक्क्यांच्या आसपास अडली आहे. म्हणजे दटावायचा अधिकार वेल्सला आहे. इंग्लंडने नुसतं मान खाली घालून डबे धुवावेत.

झाकण पूर्ण बंद झालं नाही तर डबा उचलत नाहीत. शेजारी ठेवलेली जादा पिशवी नेत नाहीत. शेजारचे निवृत्त पोस्टमन आजोबा गुरुवारी रात्री फावड्याच्या पाठीने काळ्या डब्यातला कचरा ठोकत असतात. तो आवाज आला की तुमच्या सुनेला कळतं, उद्या काळा.

आता मुद्द्याचं. डब्यांबरोबर आलेलं माहितीपत्रक ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलं आहे, ते तुमच्या सुनेचं नव्हे. त्यात चित्रं आहेत बीन्सच्या डब्याची, वाईनच्या बाटलीची, दुधाच्या बाटलीची, जॅमच्या बरणीची. इंग्रजाचं घर पत्र्यावर आणि काचेवर चालतं, त्यामुळे त्याचा निळा डबा ओसंडतो आणि काळा अर्धा रिकामा राहतो. मराठी घरात काय येतं? तूरडाळ, पोहे, रवा, भाजणी, फ्रीझरमधला खवलेला नारळ, चिरलेली मेथी, शेव, फरसाण. सगळं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात. आणि हे मऊ प्लास्टिक घराघरांतून नेण्याची सक्ती कौन्सिलांवर ३१ मार्च २०२७ पासून आहे. तोवर ते काळ्या डब्यात टाका, नाहीतर धुऊन, वाळवून सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत नेऊन टाका. आई, तुम्ही दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायचात, तेव्हा चिरंजीव मित्रांसमोर लाजायचे. गेल्या रविवारी ते स्वतः रेडिएटरवर पोह्याची पाकिटं वाळवत होते.

त्यातून एक शोध लागला. खरकट्याच्या डब्यात घालायला कुजणाऱ्या पिशव्या विकत मिळतात, आणि महाग मिळतात. पण पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं आहे, की कोणतीही पिशवी चालेल. खरकटं ज्या कारखान्यात जातं तिथे यंत्र आधी पिशव्या फाडून बाजूला काढतं, म्हणून चालतं. पाच किलो तूरडाळीची रिकामी पिशवी ओट्यावरच्या त्या छोट्या डब्यात अशी चपखल बसते, की जणू मापाने शिवली. तुमच्या सुनेने हा शोध इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. पाडव्याच्या शुभेच्छांना आले नव्हते एवढे अंगठे त्याला आले.

त्या कारखान्यात खरकटं बंद टाकीत हवेविना कुजवतात. गॅस निघतो, त्यावर वीज करतात, आणि राहिलेला गाळ खत म्हणून शेतात जातो. बाबांनी गावाकडे गोबरगॅस बसवला होता तोच हा प्रकार, फक्त शेण नाही आणि अनुदानासाठी तालुक्याला खेपा नाहीत. ब्रिटनमधली घरं वर्षाला सुमारे ६० लाख टन अन्न टाकतात, तेव्हा गॅसला तोटा पडायचा नाही. हे खरकटं हाडांसकट, चहाच्या चोथ्यासकट चालतं. चालत नाही ते तेल. दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल बाटलीत भरून कौन्सिलच्या कचरा केंद्रावर न्यायचं, आणि त्यासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यायची. दातांच्या डॉक्टरची वेळ त्याहून लवकर मिळेल असं लिहिणार होत्या सूनबाई, पण या देशात दातांच्या डॉक्टरचीही मिळत नाही.

ज्या वस्तू पत्रकात नाहीत त्यांचा निकाल तुमची नात देते. शाळेत त्यांना हा विषय शिकवला आहे, त्यामुळे तिच्यावर अपील नाही. चकचकीत पाकीट हातात आलं की ती ते मुठीत चुरगळते. चुरगळलेलं तसंच राहिलं तर अॅल्युमिनियमची फॉइल, निळ्यात. उलगडलं तर प्लास्टिक, काळ्यात. शेवेचं पाकीट दरवेळी उलगडतं आणि दरवेळी ती बापाकडे आरोपीकडे बघावं तशी बघते. पिझ्झ्याच्या खोक्याचा तेलकट तळ कात्रीने कापून काळ्यात आणि कोरडं झाकण लाल डब्यात. शेवग्याच्या चोथ्यावर वाद झाला नाही. आंब्याच्या कोयी खरकट्यात गेल्या. नारळाची करवंटी मात्र अडून बसली. ते अन्न की लाकूड? चिरंजीव म्हणाले, “अन्न आत होतं, खाल्लं. आता हे भांडं.” भांड्याला पाचवा डबा नाही. सध्या करवंट्या शेडमध्ये साठल्या आहेत आणि चिरंजीव त्यांत कोथिंबीर लावणार असल्याचं सांगतात.

निर्माल्याचं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. खरकट्याच्या डब्यात फक्त अन्न, आणि तिथे कोंबडीची हाडंही असतात, म्हणून देवाची फुलं तिथे जाणार नाहीत. ती गुलाबाच्या आळ्यात जातात. काळजी नसावी.

पुण्यात तुमचं बरं आहे असं म्हणवत नाही, कारण तिकडेही १ एप्रिल २०२६ पासून नव्या नियमांनी चार भाग आले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. तारखेत फक्त एका दिवसाचा फरक, म्हणजे दोन्ही सरकारांनी सासू-सुनेला एकदमच कामाला लावलं. पण तुमच्या दारात ‘स्वच्छ’ची बाई येते. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून पुढे ही सहकारी संस्था झाली. ती बाई डबा उघडून बघते, ‘काकू, यात काच कशी आली?’ असं विचारते आणि प्रश्न मिटतो. इथे बोलायला कुणी नाही. सकाळी सातच्या आधी डबा बाहेर ठेवायचा आणि संध्याकाळी त्याला अडकवलेली चिठ्ठी वाचायची. एका चिठ्ठीवर ‘चुकीची वस्तू’ या चौकोनात खूण होती, पण कुठली वस्तू ते लिहिलेलं नव्हतं. घराने मिळून आठवडाभर संशयितांची यादी केली. नातीने सगळं बापावर ठेवलं.

आणि रद्दीवाला नाही, हे सगळ्यात जिव्हारी लागतं. पेपर फुकट द्यायचे!

बर्मिंगहॅमच्या उंदरांचा व्हिडिओ बाबांनी पुन्हा पाठवला, तो पोचला. ते गाव इथून दूर आहे. तिथल्या सफाई कामगारांचा बेमुदत संप ११ मार्च २०२५ ला सुरू झाला, कारण कौन्सिलने गाडीवरचं एक पद रद्द केलं आणि त्यावरच्या माणसांचा पगार घटणार होता. महिनाअखेरीस १७ हजार टन कचरा रस्त्यावर पडला होता. तेव्हापासून चिरंजीव गाडीवरच्या माणसांना खिडकीतून हात करतात. नाताळात त्यांना लाडूचा डबाही दिला, पत्र्याचा, म्हणजे त्यांना तो निळ्यात टाकता येईल.

तुमची तिकिटं जूनची झाली, फार बरं वाटलं. बाबा पहाटे पाचला उठतात, तेव्हा शुक्रवारचे डबे बाहेर नेण्याचं खातं एकमताने त्यांच्याकडे दिलं आहे. कुठल्या शुक्रवारी कुठला डबा, त्याचा तक्ता फ्रीजवर लावला आहे. कानाच्या यंत्राचे सेल त्यांनी कुठल्याच डब्यात टाकू नयेत. डब्यात गेलेल्या बॅटऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या पेटतात. दुकानात त्यासाठी वेगळी पेटी असते.

तब्येतीला जपा. कळावे, लोभ असावा.

तुमची सून

ता. क. बाकरवडी जरूर आणा, पण पाव-पाव किलोची पाकिटं नकोत, एकच मोठं आणा. मोठ्याची पिशवी खरकट्याच्या डब्याला बसते, पाव किलोची बसत नाही.