काखेत रेषा, गावाला वळसा

फुटबॉलच्या नियमपुस्तकातील अकरावा नियम ऑफसाइडचा आहे. सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असलेल्या खेळाडूचे डोके, धड किंवा पाय चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असेल, तर तो ऑफसाइड ठरतो. हात मोजत नाहीत. १९२५ पर्यंत आड तीन प्रतिस्पर्धी लागत, पुढे दोन पुरेसे झाले. १९९० पासून बरोबरीत उभा असलेलाही निर्दोष मानला जातो. गोलपाशी तळ ठोकून आयता चेंडू खाणाऱ्याला आवरणे हा नियमाचा हेतू होता. आज त्याच्या तावडीत सापडणारा बहुधा जिवाच्या आकांताने धावत असतो.

पूर्वी निवाडा लाइन्समनच्या नजरेवर होई. एकाच वेळी चेंडू मारणाऱ्याचा पाय आणि चाळीस मीटर पलीकडची बचावफळी पाहणे हे त्याचे काम. माणसाचे दोन्ही डोळे एकाच दिशेला बसवलेले आहेत, याची नोंद नियमपुस्तकाने घेतलेली नाही. २००० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या शोधनिबंधाने दाखवले, की लाइन्समन रेषेच्या थोडा मागेपुढे असला तरी पाहण्याच्या कोनामुळेच तो फसतो. तोवर प्रेक्षकांनी या चुकांची कारणे त्याच्या घराण्यात शोधली होती.

२०१८ मध्ये व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहणारा सहायक पंच, नियमपुस्तकात आला आणि त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात बसला. इतर प्रसंगी त्याने फक्त ढळढळीत चुकीतच हस्तक्षेप करायचा असतो. ऑफसाइड मात्र वस्तुस्थिती मानला जात असल्याने तिथे ढळढळीतपणाची अट नाही. अंगठाभर पुढे म्हणजे पुढे. सप्टेंबर २०१९ मध्ये टॉटनहॅमचा सन ह्युंग-मिन लेस्टरविरुद्ध १.६ सेंटिमीटरने पुढे आढळला आणि गोल गेला.

या १.६ सेंटिमीटरची घडण पाहण्याजोगी आहे. नेहमीचा प्रसारण कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे टिपतो, म्हणजे दोन चित्रांत सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. सेकंदाला आठ मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात १६ सेंटिमीटर सरकतो. बचावपटू उलट दिशेने तेवढ्याच वेगात निघाला असेल, तर दोघांतले अंतर ३२ सेंटिमीटरने बदलते. चेंडूला पाय नेमका कधी लागला, ते या दोन चित्रांच्या मधल्या फटीत राहते. क्षण असा वीतभर ढिला आणि त्यावर ओढलेली रेषा केसाइतकी बारीक. पुण्यातल्या कात्रज-कोंढवा रस्त्याची रुंदी ८४ मीटर ठरली होती, भूसंपादन अडल्यावर ती ५० मीटरवर आली. तिथे रेषा ३४ मीटर सरकली तरी कोणी शिट्टी वाजवली नाही, यावरून रेषेचा काटेकोरपणा कामाच्या महत्त्वावर अवलंबून नसतो, एवढे कात्रजकरांना पाठ आहे.

चित्रांमधल्या फटीवर कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात उपाय निघाला. बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत, तर चेंडूतील संवेदक सेकंदाला ५०० वेळा नोंद करी. लाथेचा क्षण त्यामुळे बराच पक्का झाला. उद्घाटनाच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरचा गोल रद्द झाला. सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे तीन गोल पूर्वार्धातच गेले आणि सामनाही गेला. यंत्र बरोबर होते. अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकल्यावर त्याबद्दल कोणाची तक्रार राहिली नाही.

यंत्र क्षण शोधते. शरीर कुठे संपते हे मात्र अजून नियम बनवणारी समितीच ठरवते. हात कुठे सुरू होतो, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर ‘काखेच्या तळाशी’ असे आहे. त्यामुळे पंच सदऱ्याच्या बाहीत काख शोधत बसतात. नोव्हेंबर २०२० मध्ये लीड्सचा पॅट्रिक बॅमफर्ड चेंडू कुठे हवा हे हात लांबवून दाखवत होता. दाखवलेल्या जागी चेंडू आला, गोल झाला आणि त्या लांबवलेल्या हाताच्या खांद्याकडील, मोजल्या जाणाऱ्या भागामुळेच रद्द झाला. एप्रिल २०२४ मध्ये एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात कॉव्हेंट्रीने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तीन गोलांची पिछाडी भरून काढली आणि जादा वेळेच्या अखेरीस चौथा गोलही मारला. तो हाजी राइटच्या बुटाच्या टोकापायी गेला आणि कॉव्हेंट्री पेनल्टींवर हरले. बुटाच्या त्या टोकाने राइटला कोणता फायदा झाला, हे विचारण्याची सोय नियमात नाही. नेदरलँड्सच्या लीगने जाड रेषा घेतल्या, रेषा एकमेकींना टेकल्या तर मैदानावरचा निर्णय कायम. आपल्या मोजमापाची मर्यादा कबूल करणारी ही पद्धत त्यातल्या त्यात शहाणपणाची म्हणावी लागेल.

मोजमाप बिनचूक असूनही न्याय हुकतो, हे ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझने अनुभवले. मैदानावर त्याचा गोल नाकारला गेला, पण तो ऑफसाइड नव्हता आणि चित्रातही तसेच दिसले. पण मैदानावर गोल दिलाच आहे, अशा समजुतीत व्हीएआर पंचांनी ‘तपासणी पूर्ण’ कळवून टाकले, आणि न दिलेला गोल न दिलेलाच राहिला.

न्याय कुठे पोहोचतो हा निराळा विषय.  पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात २०२२ च्या महिला आशियाई चषकात व्हीएआर अवतरला, तोही उपांत्यपूर्व फेरीपासून. गटसाखळीतल्या संघांना जुन्याच डोळ्यांवर भागवावे लागले. यजमान भारत कोविडमुळे गटसाखळीतच बाहेर पडला होता, त्यामुळे पुण्यात आलेल्या त्या यंत्राशी भारताची गाठ पडली नाही. गाठ पडायला हवी होती ११ जून २०२४ रोजी कतारमध्ये. पुरुषांच्या सामन्यात छांगटेच्या गोलमुळे भारत पुढे असताना गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली. विश्वचषक पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर नव्हता, गोल टिकला आणि भारत १-२ हरून बाहेर पडला. इंडियन सुपर लीगही २०२४-२५ च्या हंगामापर्यंत व्हीएआरविनाच खेळली गेली.

त्याखालच्या मैदानांवर फक्कीची रेषा पहिल्या सामन्याच्या मध्यंतरापर्यंत टिकते आणि झेंडा बहुधा राखीव खेळाडूच्या हाती असतो. कोणत्या संघाचा, हे त्याच्या निर्णयांवरून कळते. निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. मुदत पंच आपल्या मोटारसायकलपर्यंत पोहोचेतो.