जरा मान डावीकडे

बेळगावच्या खडे बाजारातून चालला आहात आणि समोरचा गृहस्थ एक डोळा मिटून, दुसरा किलकिला करून तुमच्या नाकाकडे बघत उभा राहिला, तर खिसा चाचपू नका. तो निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहे आणि त्याचं आजचं डोकं अजून व्हायचंय.

रोज एक डोकं, हा मास्तरांचा नेम. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर आदल्या दिवशी प्रायमरचा हात मारलेला, चार-पाच नळ्या, दोन चपटे ब्रश आणि वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला ब्रश खाली. कान राहिला तर राहिला. "कान काय, सगळ्यांना असतोयच की!"

असे मास्तर आमच्या भागात पुष्कळ. मूळ शोधायला गेलं तर पोचतं के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिरात. समोर माणूस बसवायचा आणि भरल्या गर्दीत, बघता बघता त्याला कॅनव्हासवर उभा करायचा, ही के. बीं.ची ख्याती. त्यांच्या हाताखालून निघालेले रवी परांजपे मुंबई, नैरोबी, पुणे असे गाजले. ज्यांना गाव सुटलं नाही, त्यांनी शाळांत तास घेतले, चित्रकलेच्या लोअर-हायरच्या परीक्षांना पोरं बसवली आणि पेन्शन लागल्यावर गावाची डोकी धरली.

आमचे मास्तर टिळकवाडीतले. बहुतेक सकाळी त्यांच्या तावडीत सापडतो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, कारण त्याला जागा सोडून पळता येत नाही. आधी पातळ तपकिरी रंगानं डोळ्याची खोबण, नाकाखालचा भाग आणि हनुवटीखालची मान अशी एकच सलग सावली पडते. डावा डोळा तिच्यात बुडतो, तो बुडतोच. मग गालफडावर ओकर, सिएना आणि पांढरा. कानाला वेळ उरलाच तर पाळीला तांबडा. शेवटी नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एकच ठिपका. तो देताना मास्तर श्वास रोखतात. त्यांचं बघून इस्त्रीवालाही रोखतो, आणि इकडं कुणाच्या तरी शर्टाची कॉलर करपते.

"माझा दुसरा डोळा कुठाय ओ?"

"सावलीत आहे."

"खरं मी तर उन्हात बसलोय!"

फोटोवरून काढायला मास्तरांची सक्त मनाई. लोक मोबाईल पुढं करतात, तेव्हा शिळ्या आमटीकडं बघावं तसं ते त्याच्याकडं बघतात.

लेक निपाणीला दिलेली. त्यामुळं हत्तरगीपर्यंत कंडक्टरचं कपाळ आणि संकेश्वरच्या अलीकडं त्याचं नाक, असा बसमधला हिशेब ठरलेला. बसमध्ये अर्थात जलरंग. संकेश्वरला कंडक्टर उतरतो, त्याच्या जागी उभ्यानं भांडणारी म्हातारी येते आणि त्याच चित्राला तिची हनुवटी लागते. निपाणीत त्यांची आवड म्हणजे तंबाखूच्या वखारीतल्या बायका. धुरळ्यापायी नाकातोंडाला फडकं गुंडाळलेलं, उघडे फक्त डोळे. काम बारा मिनिटांत उरकतं. उरलेल्या आठ मिनिटांत मास्तर शेजारच्या अर्जुननगरात, म्हणजे थेट महाराष्ट्रात जातात आणि देवचंद कॉलेजच्या फाटकाशी नवं गिऱ्हाईक हुडकतात.

सीमाप्रश्नावर मास्तर कडवे. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला न चुकता हजर. फक्त त्यांच्या दंडावरची फीत जवळ जाऊन पाहिली तर गडद निळी निघते. कारण काळा रंग नळीतून घ्यायचा नसतो! अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळायचा आणि काळा 'करायचा', हे त्यांनी इतकी वर्षं पोरांना शिकवलं. आता फेरी काढणाऱ्या एकीकरण समितीसाठी तत्त्व कसं सोडायचं? एकदा आर्ट कॉलेजातून सुट्टीला आलेल्या एका पोरानं भर फेरीत छेडलं, "मास्तर, स्वीडनचा चित्रकार झॉर्न तर चारच रंग घ्यायचा, आणि त्यात काळा असायचा." मास्तर दोन घोषणा होईपर्यंत गप्प राहिले. मग म्हणाले, "स्वीडनात ऊन कुठं असतंय!"

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नाहीत. "ते गेले बघ परवा, ते... खालचा ओठ उजेडात यायचा ते," अशी बातमी आली की ऐकणाऱ्यानं सगळ्या गल्लीचे ओठ आठवायचे. भेटायला गेले तर मास्तर खिडकीसमोरची जागा धरतात. मयताचा थोरला मुलगा डोळे पुसत असतो. मास्तरांच्याही डोळ्यांत खरोखरीचं पाणी असतं, खरं त्या पाण्यातूनच ते हळूच म्हणतात, "जरा मान डावीकडे." आणि गंमत अशी, की वर्षश्राद्धाला तोच मुलगा ते चित्र मागायला येतो. वडिलांचा ओठ त्याच्याही तोंडावर आहे, हे घरात कुणाला दिसलंच नव्हतं.

पावसाळ्यात पंचाईत होते. बेळगावचा पाऊस, आठ-आठ दिवस सूर्य नाही, दारावर माणूस नाही. मग उरतात फक्त वहिनी. पलंगाखालच्या बुटांच्या खोक्यांत त्यांचीच डोकी जास्त: भाजी निवडताना, चष्मा शोधताना, कुकरची शिट्टी मोजताना. परवा मी बसलो होतो तेव्हा त्या कडाडल्या, "अहो, चाळीस वर्षं हे तोंड बघताय. त्याला काय झालंय, हे एकदा तरी विचारलंत?"

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. डोळा किलकिला केला.

"अगं, अशीच रागात राहा. वीस मिनिटं."