सगळीच दप्तरं उघडा

निजामाच्या काळातली दप्तरं मराठवाड्यात आता कुठे मनापासून उघडली जात आहेत. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. पुढे मुंबईच्या आझाद मैदानावर मराठा आंदोलक मनोज जरांगे उपोषणाला बसले आणि 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेट लागू करणारा शासन निर्णय निघाल्यावरच उठले. लोक रस्त्यावर आले, म्हणून कागद बाहेर आले. मग एवढ्यावर का थांबायचं?

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या केदारेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळातलं. त्याच्या शिल्पांवर अभ्यासक लिहितात, लिहायलाच हवं. पण याच पंचक्रोशीनं 1948 साली काय पाहिलं, काय सोसलं, ते कुणी लिहून घेतलं? शेजारच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ शाळा चालवत होते, तिथून ते निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले. एवढी जवळची गोष्ट आपण 17 सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनात उरकून टाकतो.

त्या दिवशीच्या भाषणात निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांचे जुलूम येतात. ते झालेच होते. 1946 मध्ये अर्जापूरजवळ स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे मारले गेले, 1948 मध्ये बिदरकडच्या गोर्ट्यात गावकऱ्यांची कत्तल झाली. पण ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनाही ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनीच ठार केलं, हैदराबाद भारतात सामील व्हावं, असं ते लिहीत होते. हे नाव आमच्या मुलांना कुणी सांगितलं?

आणि सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, त्या पोलीस ॲक्शननंतरचं काय? केंद्र सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती त्याच वर्षाअखेर संस्थानात फिरली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, असा तिचा अंदाज. आकड्यावर वाद आहे, जरूर घालावा. पण वाद घालायला अहवाल तर समोर हवा! सरकारनं तो छापलाच नाही. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्यात नोंद आहे. कागद दडपला तेव्हा त्यांचा मोठेपणाही दडपला गेला.

निजाम 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख राहिला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी शिक्षा भोगून पाकिस्तानात गेला. किंमत मोजली ती खेड्यातल्या साध्या माणसांनी, दोन्हीकडच्या.

थडगी उखडा, नावं बदला, अशा मोर्चांना गर्दी जमते. या कागदांसाठी एकही मोर्चा निघत नाही, याची मला चीड येते. सुंदरलाल अहवाल आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या जबान्या, दोन्ही सरकारनं मराठीत छापून मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेला द्यावेत. तोवर तुम्ही एवढं करा: त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. तुमच्या गल्लीत, मोहल्ल्यात, वस्तीवर असं कुणी असेल, तर आजच जाऊन त्यांचं लिहून घ्या.