बसून मारायची बंदूक

1 ऑगस्ट 2024 रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं, तेव्हा मी नांदेडात टीव्हीपुढे चौथ्या अवस्थेत होतो. खुर्चीत रेलून. त्याच्या त्या 'थ्री पोझिशन'पैकी गुडघ्यावर बसणं मलाही जमतं. उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा ज्याच्या नियमातच खुर्ची आहे असा नेमबाजीचा प्रकार शोधणं भाग होतं. तो आहे. ऑलिम्पिकमध्ये नाही, पण जगात आहे. त्याला बेंचरेस्ट म्हणतात.

एक न हलणारं टेबल, त्यापुढं स्टूल. बंदुकीचा पुढचा भाग एका तिवईवर, मागचा दस्ता वाळूच्या थैलीवर. नेमबाजानं मागं बसून चाप ओढायचा आणि बाकी कशात ढवळाढवळ करायची नाही. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाकडं ही पात्रता उपजत असते.

खेळ मात्र दिसतो तितका आळशी नाही. माणसाची थरथर काढून टाकली की उरते ती निव्वळ बंदूक, आणि मग तिचा एकेक भाग उघडा पडतो. अमेरिकेत मॅकमिलन नावाच्या गृहस्थांनी 1973 साली शंभर यार्डांवर पाच गोळ्या अशा मारल्या, की त्यांच्या मध्यबिंदूंतलं जास्तीत जास्त अंतर 0.009 इंच भरलं. पाव मिलिमीटरपेक्षा कमी. ही मंडळी काडतुसंही घरी स्वतः भरतात. आपल्याकडं काडतुसाची बंदूक म्हटलं की परवाना आला, पोलिसांचा अहवाल आला आणि 'कशासाठी पाहिजे?' हा प्रश्न आला. 'टेबलावर ठेवायला' हे उत्तर कुठल्याही नमुन्यात बसत नाही.

पण याच खेळाचं हवेच्या बंदुकीचं भावंड आहे. अंतर 25 मीटर, एका कागदावर 25 लक्ष्यं, प्रत्येकी एक छर्रा, वेळ अर्धा तास, पैकीच्या पैकी गुण 250. यातला हलका गट 12 फूट-पौंडांचा, म्हणजे साधारण 16 ज्यूल ताकदीचा. आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 0.177 इंचापर्यंतची नळी आणि 20 ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर एअर रायफलला परवाना लागत नाही. कायदा आणि माझे गुडघे यांचं असं एकमत क्वचितच होतं.

बातमी फुटली. शेजारच्या काकांनी विचारलं, "जत्रेत फुगे फोडायची तीच का?" गावाकडून चुलतभावाचा फोन आला. वानरं हरभरा ठेवत नाहीत, रोही तूर ठेवत नाहीत, बंदूक घेऊन दोन दिवस राहायला ये. त्याला सांगितलं की ही बंदूक टेबलावरून उचलायची नसते. यावर तो जे म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही. हिनं एवढंच विचारलं, की टेबल कुठलं? स्वयंपाकघरातलं मिळणार नाही.

माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना जाणता माणूस आधी दात बघतो, झूल शेवटी. बंदुकीचे दात म्हणजे नळी. नळी सरळ आणि तिचं तोंड स्वच्छ कापलेलं असेल तर बाकीचं निस्तरता येतं. नवखा मात्र झुलीकडं, म्हणजे दुर्बिणीकडं धावतो. मलाही छत्तीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण स्वप्नात येत होती. ती एकाची उसनी आणून गच्चीवर लावली. मे महिना, दुपार, नांदेड. छत्तीस पटीत लक्ष्याबरोबर तापलेल्या हवेच्या लाटाही छत्तीस पट झाल्या. लक्ष्य कढईतल्या तेलाखाली पडल्यागत हलत होतं, आणि स्वतःच्या नाडीचा ठोका दिसत होता तो वेगळाच. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे त्या दुर्बिणीतून कळतं, एवढा तिचा उपयोग.

दुसरा प्रश्न हवेचा. स्प्रिंगची बंदूक स्वस्त आणि मजबूत, पण चाप ओढताच आतला दट्ट्या धावतो आणि बंदूक आधी मागं, मग पुढं हिसका देते. थैलीवर ठेवली की दर वेळी वेगळ्या जागी नाचते. म्हणून आधी भरून ठेवलेल्या हवेची टाकीवाली. ती छर्रा सुटताना हलत नाही म्हटलं तरी चालेल. तिच्यात रेग्युलेटर असेल तर पहिल्या आणि पंचविसाव्या छर्ऱ्याचा वेगही सारखा राहतो. फक्त टाकीत हवा लागते, 200 बार. पंक्चरवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "पाउंडात सांगा." 200 बार म्हणजे सुमारे 2900 पाउंड. त्यानं हातातली नळी शांतपणे खाली ठेवली. "मालक, कारला पस्तीस लागतात. तुमचं काय, विमान हाय का?" शेवटी हातपंप घेतला. बसून खेळायच्या खेळासाठी उभं राहून एवढा घाम गाळावा लागतो हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

छर्ऱ्यांचं प्रकरण सगळ्यात रसाळ. दहा मीटरला चपट्या डोक्याचे चालतात, कारण ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. पंचवीस मीटरला ते डळमळतात; तिथं घुमटाकार डोक्याचे लागतात. डब्यावर लिहिलेलं असतं, 4.52 मिलिमीटर, 0.547 ग्रॅम. पण कुठल्या नळीला कुठला छर्रा मानवेल हे त्या दोघांनाच ठाऊक. चार-पाच जातींचे डबे आणून मारूनच बघावं लागतं. पत्रिका जुळवून उपयोग नाही. शिवाय एकाच डब्यातले छर्रेही वजनात उन्नीस-बीस असतात, म्हणून ते तोलून वेगळे काढायचे. एवढा बारीक काटा फक्त सराफाकडं. त्यानं काचेची पेटी उघडून एक छर्रा चिमट्यानं ठेवला, आकडा वाचला आणि म्हणाला, "शिशाला मोड नाही मिळत, साहेब."

आता थैली. माझे मेहुणे लातूरला डाळमिलमध्ये आहेत. तिथलं रिकामं गोदाम चांगलं पंचवीस मीटर लांब आहे, वारा नाही, मागं जाड भिंत, दाराला कडी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत तिथं पोचलो. "दाजी, हे काय करलालाव?" म्हणत मेहुण्यांनी मागच्या थैलीत तूरडाळ भरली. लातुरात रिकाम्या थैलीत दुसरं काही भरायचं कुणाला सुचत नाही. डाळ गुळगुळीत, दाणा दाण्यावरून घसरतो. बंदूक ठेवली की थैली हळूहळू बसत जाते आणि नेम दर छर्ऱ्याला वर सरकतो. आठवड्यानं तिच्यात सोंडे झाले, म्हणजे थैली आतूनही हलू लागली. तुरीचा भाव बघून मेहुण्यांच्या बायकोनं ती परत नेली आणि वरण केलं.

वाळूच पाहिजे, आणि ती बारीक, धुतलेली, कोरडी. आमच्या नांदेडला दारात गोदावरी आहे. पण वाळू हे गौण खनिज. घाटाचा लिलाव, रॉयल्टी, वाहतुकीचा पास, आणि रात्री महसूलचं पथक. विक्री ब्रासनं. 2023 च्या धोरणात सरकारनं भाव ठरवला होता 600 रुपये ब्रास. एका ब्रासमध्ये साधारण साडेचार टन वाळू बसते. मला पाहिजे तीन किलो. त्या भावानं हिशेब केला तर चाळीस पैसे होतात. चाळीस पैशांची वाळू द्या, असं कुठल्या खिडकीवर सांगायचं? महसूलमध्ये असलेल्या एका स्नेह्यानं कानात सांगितलं, "बंदूक खुशाल स्कूटरवर पुढं घेऊन फिर. पिशवीत नदीची वाळू दिसली तर मात्र पावती दाखव."

तर सध्या नळी चांगली आहे, छर्रा जुळला आहे, दुर्बीण बारा पटीची घेतली आहे आणि ती पुरते. नांदेड-लातूर रस्त्यावर कुणाच्या घरबांधणीतून तीन किलो बारीक वाळू उरली असेल तर कृपया कळवावं. चाळून मी घेईन. रॉयल्टीची पावती सोबत असल्यास जास्त बरं.